चेत्ताच्या उशीची खोळ

विस्तिन बरा स्वयंपाक करायचा असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. मटणाचा रस्सा आणि भांडी विसळलेलं पाणी यांत त्याच्या हातून फारसा फरक उरत नसे. तरी पाणबुडीवरची तीस-बत्तीस इंग्रज पोरं त्याच्यावर जीव टाकायची. समुद्राच्या पोटात, डिझेलच्या वासात, दोन-दोन आठवडे आंघोळ नाही, आणि हा बाबा पळीभर रस्सा वाढताना प्रत्येकाला विचारायचा, "काय रे, आई बरी आहे ना तुझी?" जणू आई पलीकडच्या गल्लीत राहते आणि सकाळीच भेटली होती.

तो आमच्या माल्टाचा, बिर्गू गावचा. आमचं बेट ते केवढं, आणि आडनावं सगळी मिळून मूठभर. एका गल्लीत एकाच नावाआडनावाचे चार-चार बाप्ये सापडतील. म्हणून आमच्याकडे आडनाव कुणी विचारत नाही. 'तू कोणाचा?' असं विचारतात, आणि समोरचा आपल्या घराण्याचं टोपणनाव सांगतो. कुणी घंटेवाले, कुणी मीठवाले, कुणी बोबडे. घर कळलं की आजा कळतो, आजा कळला की नातं निघतं, आणि नातं निघालं की मग खरं बोलणं सुरू होतं. विस्तिनला तर ह्या विचारण्याचं वेडच होतं. त्याची बायको दोलोर म्हणायची, "हा मेल्यावर स्वर्गाच्या दारात जाईल ना, तर आत शिरायच्या आधी दारवानालाच विचारील, काय हो, तुम्ही कोणाचे?"

दोलोर मीठवाल्यांची. लेस विणणाऱ्या बायकांच्या घरातली, हातात सुई आली की बघत राहावं अशी. म्हणून पाणबुडीचा झेंडा तिच्याकडे यायचा. काळ्या कापडावर पांढरी कवटी, खाली दोन हाडं, आणि बाजूला बुडवलेल्या प्रत्येक जहाजामागे एक पांढरी पट्टी. गस्तीवरून परतताना बंदरात शिरतेवेळी तो झेंडा चढायचा, आणि तटावरचे तोफवाले, होडीवाले, धुणं टाकून आलेल्या बाया, सगळे ओरडून घसा बसवून घ्यायचे. शिवणाबद्दल दोलोरला सार्डिनचा एखादा डबा मिळे. पण ती डब्यासाठी शिवत नव्हती.

ती शिवत होती चेत्तासाठी. चेत्ता तिची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा दोलोरनंच तिच्या वेण्या घातल्या, तिचा ताप काढला आणि शेवटी लग्नही लावून दिलं. नवरा पाववाला, माल्टाचाच, पण दुकान त्रिपोलीत. एका दिवसाचा तर समुद्र, दर उन्हाळ्यात येईन म्हणाली होती. आणि मग लढाई पेटली. त्रिपोली इटलीवाल्यांची, आम्ही इंग्रजांचे. दीड वर्षात एक चिठ्ठी आली, तीही पंचवीस शब्दांची.

इटलीहून त्रिपोलीला जे काही जायचं, दारूगोळा, पेट्रोल, माणसं, ते जहाजांच्या ताफ्यातून जायचं, आणि विस्तिनची पाणबुडी त्या ताफ्यांच्याच मागावर असायची. दोलोरचा हिशोब सरळ होता. "जहाजं बुडली की त्रिपोली उपाशी, त्रिपोली उपाशी की लढाई खलास, लढाई खलास की माझी चेत्ता घरी," ती दातानं दोरा तोडत म्हणायची. "जा रे विस्तिन, आणखी एक पट्टी घेऊन ये." तो निघाला की ती दोन मेणबत्त्या लावायची, नवऱ्याच्या जिवासाठी एक आणि जहाज सापडावं म्हणून दुसरी.

बेचाळीसच्या जानेवारीत ते सातव्या गस्तीवर निघाले तेव्हा झेंड्यावर सात पट्ट्या होत्या. त्रिपोलीच्या उत्तरेला नऊ दिवस नुसतं पाणी बघण्यात गेले. दहाव्या दिवशी पहाटे दुर्बिणीत धूर दिसला. दोन मालजहाजं, राखणीला दोन लढाऊ नावा, तोंडं इटलीकडे. म्हणजे माल उतरवून रिकामी परतणारी.

"रिकामं जहाज भरून परत येतंच," कप्तान हॅलम म्हणाला. सव्वीस वर्षांचं पोर ते, दाढीसुद्धा धड येत नव्हती. पण निशाणा धरला की हात हलायचा नाही.

विस्तिनचं काम अशा वेळी एकच. पातेली, झाकणं, पळ्या सगळं घोंगडीत गुंडाळून छातीशी धरायचं, म्हणजे आवाज होऊ नये. त्यानं ते गाठोडं कवटाळलं आणि कप्तान सांगत होता ते अंतराचे आकडे ऐकत बसला. तीन टॉर्पेडो सुटले. बोटीचं नाक वर उचललं, तोल सांभाळायला पोरं पुढं धावली. मग शांतता. मग पाण्यातून एक धक्का आला, आणि पाठोपाठ दुसरा.

"लागला!" कुणीतरी कुजबुजलं. "म्हाताऱ्या, तुझ्या बायकोला सुई ओवायला सांग!" विस्तिन चाळिशीलाही पोचला नव्हता, पण ह्या पोरांत तो म्हाताराच. तोही हसला. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला होता, आणि पुढं जन्मभर त्याला सगळ्यात जास्त छळलं ते ह्याच आनंदानं.

दोन तास वरून बॉम्ब पडत राहिले. दिवे फुटले, एक नळी फुटली, कप्तानाच्या चहात छताचा गंज पडला. मग राखणीच्या नावा उरलेल्या जहाजामागे निघून गेल्या. वर धुकं उतरलं होतं. हॅलमनं दुर्बीण फिरवली आणि ठरवलं की पाच मिनिटं वर यायचं, तरंगणारा एखादा माणूस उचलायचा, काय बुडवलं ते विचारायचं आणि पुन्हा खाली. जास्त नाही, पाच मिनिटं.

एक माणूस सापडला. फळीला बिलगलेला, अंगभर काळं तेल. त्याला शिडीवरून खाली घेतलं, आणि इटालियन बोलायला विस्तिनला हाक गेली. "विचार त्याला," हॅलम वरून ओरडला, "कुठलं जहाज, आत काय होतं, पाण्यात आणखी कोण आहे!"

विस्तिन गुडघ्यावर बसला. त्याच्या तोंडातलं तेल बोटानं काढलं, आणि तो माणूस कण्हला. इटालियनमध्ये नाही. आमच्या बोलीत. "आई गं," एवढंच.

विस्तिन त्याच्यावर ओणवला. "अरे, तू आपला? माल्टाचा? इथं कसा रे बाबा?" त्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "तू कोणाचा? कोणाचा तू?"

"तिकडे..." तो माणूस म्हणाला.

"हो हो, तिकडचं सांग मागनं. आधी दम खा. कोणाचा?"

"साल्वू... घंटेवाल्यांचा."

"घंटेवाल्यांचा! बिर्गूच्या? अरे, मग घंटेची दोरी तुटून पाद्रीबाबाच्या अंगावर पडला तो तुझाच आजा ना?"

आणि देवाची काय करणी, तो मरायला टेकलेला माणूस तेलकट ओठांनी हसला. "चुलत आजा," तो म्हणाला. "तुम्ही... कुणाचे?"

"मी बोबड्यांचा विस्तिन. चर्चच्या मागची गल्ली. तुझी आई कुणाची? थांब, सांगू नकोस, मीच सांगतो—"

"तिकडे..." साल्वूनं पुन्हा हात उचलला. हात खाली पडला.

"राहू दे हात, गरम चहा आणतायत. माझी बायको मीठवाल्यांची. दोलोर. ठाऊक असेल तुला."

साल्वूचे डोळे एकदम उघडले. त्यानं विस्तिनची गळपट्टी धरली. "मीठवाल्यांची चेत्ता," तो म्हणाला. "पाववाल्याची बायको. तिकडे आहे. तराफ्यावर. तेरा बाया आहेत, पोरं आहेत. आम्ही सगळे माल्टाचेच हो, दीडशे माणसं. इटलीतल्या छावणीत टाकायला नेत होते आम्हाला. चेत्तानंच मला फळी दिली. सूर्याच्या बाजूला... जवळच आहेत, बोट तिकडे घ्या."

विस्तिन शिडी कशी चढला ते त्याला कधी आठवलं नाही. "साहेब! बायका आहेत पाण्यात, पोरं आहेत, आपली माणसं, पूर्वेला—" एवढं तो बोलला. हॅलमनं मान वळवलीसुद्धा. त्यानं सुकाणूला हुकूम द्यायला तोंड उघडलं, आणि धुक्याच्या फटीतून विमान आलं.

पाणबुडीला विमान दिसलं की एकच हुकूम असतो. भोंगा वाजला. टेहळणीवाल्या पोरांनी विस्तिनला खाली ढकललं, झाकण बंद झालं, आणि बोट सुळकन खाली गेली. वर दोन बॉम्ब फुटले. नंतर राखणीची एक नाव परतली आणि दिवसभर डोक्यावर घिरट्या घालत राहिली. दुपारी साल्वूनं विस्तिनच्या मांडीवरच प्राण सोडला.

संध्याकाळी बोट वर आली तेव्हा धुकं नव्हतं. हॅलमनं, कसलाही हुकूम नसताना, तासभर पूर्वेला चकरा मारल्या. फळ्या होत्या. एक लाकडी पाळणा होता, रिकामा.

विस्तिन पुन:पुन्हा हिशोब करायचा. साल्वू खाली आल्यापासून भोंगा वाजेपर्यंत चारेक मिनिटं. त्यातली तीन आजा, आई, गल्ली यांत गेली. आल्याआल्या 'पाण्यात कोण आहे?' एवढं विचारलं असतं, कप्तानानं सांगितलं होतं तसं, तर तीन मिनिटं हाताशी होती. दोनदा तो म्हणाला होता, तिकडे. आणि दोनदा आपण त्याला थांबवलं. मग लगेच दुसरा विचार यायचा, की घराणं विचारलं नसतं तर चेत्ता होती हे कळलंच नसतं. आणि कळलं नसतं तर किती बरं झालं असतं. पण हा विचार आला की त्याला स्वतःचीच किळस यायची.

साल्वूला समुद्रात सोडल्यावर हॅलमनं सगळ्यांना गोळा केलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ही गोष्ट ह्या बोटीबाहेर जाणार नाही," तो म्हणाला. मग एकट्या विस्तिनला थांबवून विचारलं, "त्यात तुझं कुणी होतं का?"

"नाही साहेब," विस्तिन म्हणाला. का खोटं बोलला कोण जाणे. त्या कप्तान पोरालाही आई होती, एवढंच त्याच्या मनात आलं.

बोट बंदरात शिरली. झेंडा चढला होता. लोक ओरडत होते.

"आलास?" दोलोर दारातच म्हणाली. "डिझेलचा वास आधी आला, तू मागनं. बस. आणि हे काय तोंड? जहाज बुडवून आलास की सुतकातून?" तिनं त्याच्या हातातला झेंडा ओढून घेतला. "किती?"

"एक."

"एक तर एक." ती खूश होती. मग तिनं शिवणाचा डबा उपसला आणि कपाळावर हात मारला. "पांढरं कापडच नाही रे. मागच्या खेपेला तुझ्या सदऱ्याचं टोक लावलं. गावात चिंधी मिळत नाही, बँडेजलासुद्धा बाया परकर देतायत." ती उभी राहिली, पेटी उघडली, आणि तळातून एक घडी काढली.

विस्तिननं ती ओळखली. चेत्तानं लग्नाआधी दोन खोळी विणल्या होत्या, कडेला बारीक लेस, कोपऱ्यात पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं काढलेलं एक पान. एक घेऊन ती त्रिपोलीला गेली, दुसरी बहिणीपाशी ठेवली. म्हणाली होती, "दोघी एकाच जोडीवर झोपू, म्हणजे लांब वाटणार नाही."

"ती नको," विस्तिन म्हणाला.

"का नको? अरे, तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. आली की सांगेन तिला, तुझी खोळ लढाईवर गेली होती गं बाई. रागावेल, मग हसेल. मीठवाल्यांची पोर आहे, दुसरी विणून देईल."

"दोलोर, नको म्हणतो ना."

"सरक रे, उजेड अडवू नकोस."

कात्री चालली. विस्तिन तिथंच उभा राहिला.  सांगावं, आत्ता सांगावं, ती टाका घालायच्या आत सांगावं. पण तिच्या ओठांत टाचणी होती आणि ती काहीतरी गुणगुणत होती, आणि त्याच्यानं तोंड उघडवलं नाही. तिनं चेत्ताच्या खोळीची पट्टी कापली, कोपऱ्यातलं पान नेमकं मधे घेतलं, आणि आठव्या जागी शिवून टाकली. टाके असे बारीक की दिसू नयेत.

पुढे शरदात त्रिपोलीहून बातमी फिरत आली, की माल्टाच्या लोकांना घेऊन जानेवारीत निघालेलं एक जहाज पोचलंच नाही. चेत्ता त्यात होती की दुसऱ्यात, कुणी खात्रीनं सांगेना. दोलोरनं विचारलं, "जानेवारीत तुमची बोट कुठं होती रे?"

"सिसिलीकडे," विस्तिन म्हणाला. "ते तिकडचं नाही. ते सुरुंगानं गेलं असेल."

ह्या एका वाक्यानं त्यानं तिची पुढची पंचवीस वर्षं खाल्ली. मी उगाच कठोर बोलत नाही. मेलेल्याचं दुःख माणूस कधीतरी गिळतो, पण मेलं की जगलं हे ठाऊक नसलेल्याचं दुःख घशातच राहतं. लढाई संपली, त्रिपोलीतले माल्टावाले बोटी भरभरून परत येऊ लागले, आणि दोलोर प्रत्येक बोटीला धक्क्यावर. हातात चेत्ताचा फोटो. उतरणाऱ्याला विचारायची, "तुम्ही कोणाचे? पाववाल्याची चेत्ता पाहिलीत?" लोकांनी समजावलं, पाद्रीबाबांनी समजावलं, निदान तिच्या नावानं शांतीची प्रार्थना तरी करू दे. ती उसळायची. "जित्या माणसाची प्रार्थना करता? लाजा नाहीत?" दर उन्हाळ्यात ती चेत्तासाठी अंथरूण उन्हात घालायची. विस्तिन गादी उचलून द्यायचा, संध्याकाळी आत आणायचा. सांगायचं तर रोज ठरवायचा. पण जितके दिवस जात, तितकं खोटं जड होत गेलं.

एक मात्र झालं. गावात नवं माणूस दिसलं तरी तो आता काही विचारायचा नाही. दोलोर चिडवायची, "काय रे, वय झालं? लोकांची घरं विसरलास?"

सदुसष्टच्या वसंतात दारावर एक टक्कल पडलेला इंग्रज आला. काखेत कागदाचं पुडकं. विस्तिननं दार उघडलं, आणि पंचवीस वर्षांनीही कप्तानाला लगेच ओळखलं.

"आत घे की पाहुण्याला," दोलोर आतून म्हणाली. "कोण आहे?"

हॅलमनं पुडकं टेबलावर सोडलं. आत झेंडा होता, विटून करडा पडलेला. दोलोरला इंग्रजी यायचं ते नमस्कार-चमत्कारापुरतं. तिनं झेंडा पसरला, बोट फिरवत आठव्या पट्टीवर आली आणि हरखली. "विस्तिन, हे बघ पान! चेत्ताचं पान! सांग ह्यांना, हे माझ्या बहिणीच्या हातचं आहे, म्हणावं."

हॅलमची नजरही तिच्या बोटाखालच्या पट्टीवरच होती. "विस्तिन," तो हळू म्हणाला, "हीच ना ती पट्टी? बायका होत्या ते जहाज? मी इतकी वर्षं कुणाची तरी माफी मागायची म्हणून फिरतोय. तुमच्या लोकांपैकी कुणाची तरी. ह्यांना सांगशील?"

"काय म्हणतायत?" दोलोरनं विचारलं.

विस्तिन मधे बसला होता. पुन्हा दोन बोलींच्या मधे.  पण ह्या वेळी त्यानं वेळ काढला नाही.

"दोलोर, ते जहाज आम्ही बुडवलं," तो म्हणाला. "चेत्ता त्यावर होती. बुडल्यावरसुद्धा जिवंत होती, तराफ्यावर. मला ठाऊक होतं." आणि मग साल्वूचं सगळं सांगितलं. आजा, दोरी, गल्ली, दोनदा उचललेला हात, विमान. काहीही गाळलं नाही. ही खोळ तू कापलीस तेव्हा मी बघत होतो, हेसुद्धा सांगितलं.

दोलोरचा हात पानावर तसाच होता.  मग उठून तिनं कात्री आणली, चष्मा लावला आणि एकेक टाका उसवायला लागली. हॅलम रडत होता, तिकडे तिनं पाहिलं नाही. पट्टी सुटली. तिच्याखालचं कापड अजून काळंभोर होतं, पहिल्या दिवसासारखं.

"पंचवीस वर्षं तिची गादी उन्हात घातली मी," ती म्हणाली. "आणि तू उचलून देत होतास."

"हो."

"आधी काय विचारलंस म्हणालास त्याला?"

"तू कोणाचा."

तिनं पट्टीची घडी घातली. पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "मी मेलीनंसुद्धा तेच विचारलं असतं," ती म्हणाली, आणि मग तिला जे रडू फुटलं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. विस्तिननं तिच्या खांद्याला हात लावला. तिनं तो झटकला. त्यानंतर आठवडाभर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

आठव्या दिवशी चर्चमध्ये चेत्ताच्या नावानं प्रार्थना झाली. पुरायला काही नव्हतं, म्हणून ती पट्टी एका छोट्या डब्यात घालून मीठवाल्यांच्या थडग्यात ठेवायची ठरली. डबा विस्तिनच्या हातात होता. त्याला वजनच नव्हतं. थडग्यापाशी कबरखणा वही घेऊन उभा होता. नवा माणूस, तरणा, पलीकडच्या गावचा. त्यानं आमच्या रीतीप्रमाणे सहजच विचारलं,

"कोणाची ही?"

विस्तिनचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. पोरानं वहीतून मान वर केली आणि पुन्हा विचारलं. तेव्हा दोलोर पुढं झाली, आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं नवऱ्याचा दंड धरला, आणि म्हणाली, "लिही बाबा. मीठवाल्यांची चेत्ता. आमची."